सात दिवसांची सोयरीक

धान कापून झाले, चुरणे आटोपले, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा सरल्या, की भंडारा जिल्ह्यात शिबिरांचा हंगाम सुरू होतो. कॉलेजच्या हिवाळी परीक्षा उरकलेल्या असतात, उन्हाळी परीक्षांना अवकाश असतो आणि बांधीत लाखोळी-जवस उगवून आल्याने घरच्या शेतातही पोराची तेवढी गरज नसते. डिसेंबर-जानेवारीतल्या या मोकळ्या फटीत एखाद्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पन्नासेक मुलामुलींचा मुक्काम पडतो. वर्गातले बाक भिंतीला लागतात, फरशीवर तणस पसरतात, वर सतरंजी टाकतात. धानाच्या तणसाइतकी ऊबदार आणि फुकट गादी या दिवसांत दुसरी मिळत नाही. फाटकावर कापडी फलक लागतो: राष्ट्रीय सेवा योजना, विशेष शिबिर. फलकावरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या सूर्यरथाचे चाक असते. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर.

पहिल्या संध्याकाळी यातल्या निम्म्यांना उरलेल्या निम्म्यांची नावेही ठाऊक नसतात. कला शाखेची मुले विज्ञानवाल्यांशी बोलत नाहीत, तालुक्याच्या गावातली पोरे खेड्यातून एसटीने येणाऱ्यांकडे बघत नाहीत, आणि मुली एका कोपऱ्यात घोळक्याने बसलेल्या असतात. आठवडाभराने निघताना हीच मंडळी एकमेकांच्या घरच्या लग्नाची आवतणे पक्की करत असतात. मधल्या दिवसांत नेमके काय होते, ते पाहण्याआधी साता समुद्रापार जाऊन यावे लागेल.

कॉलेजातल्या भाऊबंदकीचा जगात गाजलेला नमुना अमेरिकेतला आहे. 5 डिसेंबर 1776 रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कप्पा’ नावाची गुप्त मंडळी काढली. तीन ग्रीक अक्षरे, खास हस्तांदोलन, पदक आणि शपथ असा सगळा थाट होता. पुढे ती विद्वानांची मानाची संस्था झाली, पण तिचा साचा इतरांनी उचलला. एकोणिसाव्या शतकात मुलांच्या ‘फ्रॅटर्निटी’ आणि मुलींच्या ‘सोरॉरिटी’ कॉलेजागणिक उभ्या राहिल्या. त्यांची रीत ठरलेली आहे. आधी निवड होते, मग उमेदवारीचा काळ, मग दीक्षा, आणि त्यानंतर जन्मभराचे सदस्यत्व. सभासद बहुतेकदा एकाच घरात राहतात, वर्गण्या भरतात, मेजवान्या झोडतात आणि एखाद्या रुग्णालयासाठी निधीही गोळा करतात. म्हणजे आधी नाते जाहीर होते आणि काम मागाहून येते. 1990च्या दशकात तिथे वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांनीही आपली मंडळे काढली: 1994मध्ये बिंगहॅम्टनला ‘आयोटा नू डेल्टा’, तर 1998मध्ये ह्यूस्टनला मुलींची ‘डेल्टा फाय ओमेगा’. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात वाढलेल्या एखाद्या जोशी-देशमुखांच्या मुलीला कॉलेजात गेल्यावर गणपती आणि दिवाळी साजरी करायला असे घर सापडू शकते, हे चांगलेच आहे.

या साच्याची काळी बाजूही जगजाहीर आहे. उमेदवारीच्या नावाखाली नव्या मुलांचा छळ होतो, दारू पाजतात, आणि त्यात जीवही गेले आहेत. डिसेंबर 2024मध्ये अमेरिकेला त्यासाठी देशपातळीवरचा कायदा करावा लागला. आपणही नाक वर करण्याचे कारण नाही. आपल्याकडे ग्रीक अक्षरे नव्हती, पण रॅगिंग होते. महाराष्ट्राने त्याविरुद्ध 1999मध्ये कायदा केला आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ठेवली. नव्याला आधी वाकवायचे आणि मग आपला म्हणायचे, ही खोड सगळ्याच वसतिगृहांना लागते.

पण त्याच अमेरिकेत दुसऱ्या तऱ्हेची उदाहरणेही आहेत आणि ती आपल्या शिबिरांच्या फार जवळ येतात. 1908मध्ये हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ‘अल्फा कप्पा अल्फा’ स्थापन केली. 1935च्या उन्हाळ्यात तिच्या सभासद मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात गेल्या. शिकलेल्या, शहरातल्या, नोकऱ्या करणाऱ्या या बाया. डॉ. डोरोथी फेरेबी त्यांच्या प्रमुख होत्या. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मुलांना लसी टोचायच्या, दात तपासायचे असा बेत होता. मळेवाल्यांना आपले मजूर बाहेरच्या कोणाला भेटलेले नको होते, ते त्यांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात. तेव्हा या बायांनी दवाखानाच मोटारींत भरला आणि मळ्यांवर नेला. 1942पर्यंत दर उन्हाळ्यात हा उपक्रम चालला. आणखी एक उदाहरण म्हणजे 1925मध्ये लाफायेट कॉलेजात निघालेली ‘अल्फा फाय ओमेगा’. ही मंडळी सेवेसाठीच जमते, स्वतःचे घर ठेवत नाही, आणि तिच्यात मुलेमुली दोघेही असतात. भंडाऱ्याच्या एखाद्या ‘एनएसएस’वाल्याला तिथे नेऊन सोडले तर भाषा सोडून फारसे काही अडायचे नाही.

आपल्याकडे हा विचार कसा आला, त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांनी देशासाठी काही काळ अंगमेहनतीचे काम करावे अशी चर्चा सुरू झाली. 1959मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तरुणपणी आयसीएस होऊन मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरी केलेले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि अर्थमंत्री झालेले देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. समितीने सांगितले की कॉलेजात जाण्यापूर्वी प्रत्येकाला नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रीय सेवा असावी. खर्चाचा आकडा पाहून सरकारने ती शिफारस बाजूला ठेवली. मग के. जी. सैयदैन यांनी परदेशांतल्या योजना अभ्यासून ‘सक्ती नको, ऐच्छिक ठेवा’ असा सल्ला दिला. कोठारी आयोगानेही शिक्षणाला समाजसेवेची जोड सुचवली. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. माझ्या मते सैयदैनांचे ऐकले हे बरे झाले. सक्तीच्या सेवेत हजेरी भरते, माणसे जुळत नाहीत.

योजनेचा सांगाडा साधा आहे. एका पथकात 100 विद्यार्थी आणि त्यांच्यावर एक कार्यक्रम अधिकारी. हे कॉलेजातलेच प्राध्यापक. मराठी किंवा प्राणिशास्त्र शिकवता शिकवता ही जबाबदारीही सांभाळणारे. दोन वर्षांत मिळून 240 तास काम. शिवाय दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे शिबिर, त्याला पथकातले निम्मे जण. भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय, तुमसरचे एस. एन. मोर, साकोलीचे एम. बी. पटेल ही जिल्ह्यातली मोठी कॉलेजे नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. 2005पासून ते विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते आणि पूर्व विदर्भातल्या शिबिरांवर ही छाप उघड दिसते. दिल्लीहून आलेल्या पुस्तिकेत ‘श्रमदान’ आणि ‘बौद्धिक’ असते. इथल्या शिबिरात त्यांच्याआधी पहाटे सामुदायिक ध्यान असते आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. योजना सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी महाराज गेले. पण पहाटे उठून गाव झाडायचे आणि भजन म्हणत फेरी काढायची, हे त्यांनी त्याआधी कितीतरी वर्षे गावोगाव रुजवले होते. त्यामुळे मुलांनी खराटा हातात घेतला की महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे एखादे म्हातारबा आपणहून पुढे येतात. त्यांना वाटते, आपलीच पोरे आली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. भंडारा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात आलेले आणि 1950च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेले हे तलाव. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. मालक गेला आणि पाळीची डागडुजी करणाराही गेला. धानाला पाणी आणि धीवरांना मासे देणाऱ्या या तलावांचे काठ आज बेशरमाने भरले आहेत. जांभळट-गुलाबी फुलांचे हे झुडूप दक्षिण अमेरिकेतून आलेले. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, कारण ते विषारी आहे. शिबिरात बेशरम काढणे हे आवडीचे काम, कारण तासाभरात काठ मोकळा दिसतो आणि फोटोही झकास येतो. गोम अशी की बेशरम नुसते कापून भागत नाही. ओल्या मातीत पडलेल्या काडीलाही मुळ्या फुटतात. कापून तिथेच टाकले तर एकाची दहा झुडपे होतात. म्हणून ते मुळासकट उपटायचे, पाण्यापासून दूर पाळीच्या बाहेर न्यायचे आणि कडक उन्हात वाळू द्यायचे. गावातल्या धीवराला हे माहीत असते, पाहुण्या वक्त्याला बहुधा नसते. चांगला कार्यक्रम अधिकारी पहिल्या दिवशी भाषणाला पुढारी बोलावण्याऐवजी त्या धीवरकाकांना बोलावतो.

दुसरे ठरलेले काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती आणायची, त्यांत दोनतृतीयांश माती-रेती भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि विटांचे सांधे जसे चुकवतात तशी ती एकावर एक आडवी रचायची. फटींत चिकणमाती दाबायची. खर्च जवळपास शून्य, आणि पन्नास जणांच्या रांगेने हातोहात पोती दिली तर एका सकाळीत बंधारा उभा. पण इथे वेळेचा घोळ होतो. नाला वाहता असताना, म्हणजे पाऊस सरता सरता ऑक्टोबरात, हा बंधारा घातला तर विहिरींना पाणी वाढते. जानेवारीत नाल्याला धारच नसते. तेव्हा अडवायचे काय? परीक्षांचे वेळापत्रक आणि पावसाचे वेळापत्रक यांचा मेळ कोणी घातलेला नाही. काही पथके म्हणूनच पोतीकाम ऑक्टोबरातल्या दोन रविवारी उरकतात आणि जानेवारीत शोषखड्ड्यांकडे वळतात. शोषखड्ड्याला मोसम लागत नाही: साधारण मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, तळाशी मोठे दगड, वर गोटे, मग रेती आणि मधोमध भोके पाडलेला माठ. घरासमोर वाहणारे सांडपाणी त्यात सोडले की चिखल संपतो आणि डासही कमी होतात. दोन मुले आणि दोन मुली मिळून एका दिवसात एक खड्डा करतात. त्या घरच्या काकू दुपारी चहा आणून देतात आणि संध्याकाळी विचारतात, “उद्या येनार नाहीस का गा?”

दुपारी गावाचे सर्वेक्षण असते. हातात छापील तक्ता, त्यात घरातली माणसे, शिक्षण, शेती, शौचालय असे रकाने. पहिल्या दिवशी मुले पोलिसी थाटात प्रश्न विचारतात आणि लोक सरकारी माणूस समजून जपून उत्तरे देतात. “किती एकर?” “एकराचं काय पुसता बाप्पा, बांधीत पानी कुठं हाय?” तिसऱ्या-चौथ्या दिवशी तक्ता गुडघ्यावर तसाच राहतो आणि गप्पा सुरू होतात. शहाणे अधिकारी सर्वेक्षण म्हणूनच चौथ्या दिवसानंतर ठेवतात.

मुलींबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे. जिल्ह्यातल्या बहुतेक कॉलेजकन्या घरून ये-जा करतात. सकाळची एसटी, तीन-चार तास, दुपारची एसटी. कॉलेजात राहणे असे नाहीच, त्यामुळे मैत्रिणींबरोबर रात्र काढणेही नाही. शिबिराची परवानगी मिळवणे हीच मोठी लढाई असते. सर स्वतः घरी जातात, मॅडम मुक्कामाला आहेत हे सांगतात, आई राजी होते, आजोबा कुरकुरतात. सात रात्री घराबाहेर, आणि त्याही परक्या गावात. मुली वर्गखोलीत झोपतात आणि रात्री उशिरापर्यंत ज्या गोष्टी बोलतात त्या घरी कधी बोललेल्या नसतात: शिकायचे कुठवर, लग्न केव्हा, पाळीच्या दिवसांत दुखते त्याचे काय करायचे, एमपीएससीचा अर्ज कोण भरून देईल. अमेरिकी मुलींच्या मंडळांत नव्या सभासदाला एक ‘मोठी बहीण’ नेमून देतात. इथे कोणी नेमत नाही. दुसऱ्या वर्षाची ताई पहिल्या वर्षाच्या मुलीला थंडीत पाणी तापवून देते आणि नाते लागते. स्वयंपाकाच्या पाळ्या मुलामुलींना सारख्याच असतात. साठ माणसांना एका वेळेस आठ-दहा किलो तांदूळ लागतो आणि तो लागू न देता शिजवणे हे शास्त्र आहे. पहिल्या दिवशी मुलांच्या गटाचा भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. चौथ्या दिवसापर्यंत तोच गट वरणाला फोडणी देताना दिसतो. पंगतीत कोण कोणाशेजारी बसले याकडे तोवर कोणाचे लक्ष राहिलेले नसते. गावात अजूनही ते लक्ष असते, आणि तेही मुलांना दिसते.

मिसिसिपीच्या मोटारींची आठवण व्हावी असा एक कार्यक्रम पूर्व विदर्भात फार मोलाचा आहे: सिकलसेलची तपासणी. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. वाहक माणूस मात्र धडधाकट असतो. तपासल्याशिवाय त्याला पत्ताही लागत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून तपासणीचे खरे वय कॉलेजचेच, लग्नाच्या बोलणीआधीचे. पहिली चाचणी अगदी सोपी आहे. बोटातून घेतलेले रक्त एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर संशय, मग पुढची पक्की चाचणी. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून देशपातळीवरची निर्मूलन मोहीम सुरू झाली. पण मोहिमेचे फलक वाचून कोणी हात पुढे करत नाही. वर्गातला मित्र आधी स्वतःचे बोट टोचून घेतो तेव्हा गावातली पोरेही रांगेत उभी राहतात. इथे एक काळजी घ्यायलाच हवी, आणि सगळेच घेतात असे नाही: निकाल मोठ्याने वाचायचा नाही. ‘वाहक’ हा शिक्का एखाद्या मुलीच्या कपाळी बसला तर तिच्या लग्नात त्याचा वापर कसा होईल, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

आपत्तीच्या कामाचे शिक्षणही या योजनेत आहे. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘आव्हान’ शिबिरात निवडक स्वयंसेवकांना पूर, आग, भूकंपात काय करायचे ते शिकवतात: दोराच्या गाठी, चादरीचा स्ट्रेचर, रिकाम्या कॅनचा तराफा. ऑगस्ट 2020च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यात जो हाहाकार केला, तो पाहिलेल्याला या गाठी म्हणजे खेळ वाटत नाहीत.

संध्याकाळचा सांस्कृतिक कार्यक्रम हा शिबिराचा सगळ्यात बेभरवशाचा आणि म्हणून सगळ्यात मजेचा भाग. मुले व्यसनमुक्तीवर पथनाट्य बसवून आणतात आणि गाव शिस्तीत टाळ्या वाजवते. मग गावातलाच कोणीतरी उठतो. हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. दंडार आणि खडी गंमत या लोककला इथल्या हाडीमाशी भिनलेल्या. ढोलकी निघते, आणि साठीच्या काकांचा आवाज आणि हजरजबाबीपणा ऐकून नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळवलेल्या मुलाला आपले पाठांतर पोकळ वाटू लागते. पवनीच्या बाजूला शिबिर असले तर आणखी एक गोष्ट साधते. ज्या 1969मध्ये ही योजना निघाली, त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने पवनीत उत्खनन सुरू करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. स्तूपाच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या गावात माणसे एकत्र आली, त्यांनी काम केले आणि नाव लिहून ठेवले. इतिहासाच्या तासाला डुलक्या काढणारी मुलेही तिथे जागी राहतात.

दोषांची यादीही लांब आहे. शिबिरासाठी दर विद्यार्थ्यामागे बरीच वर्षे 450 रुपये मिळत. सात दिवसांत भागले तर दिवसाला 64 रुपये, त्यात दोन जेवणे, चहा, नाश्ता. भाजी गाव देते, तांदूळ कोणी मालक देतो, तेव्हा भागते. गुणांची सवलत मिळते म्हणून नाव घालणारे असतातच. काही शिबिरे उद्घाटन आणि समारोप या दोन फोटोंच्या मध्ये हरवतात. हाराला पैसे असतात, फावड्याला नसतात. आणि दत्तक गाव दोन-तीन वर्षांनी बदलले की शोषखड्ड्यातला माठ गाळाने भरतो, तो उपसायला कोणी येत नाही. नवे गाव निवडण्याऐवजी जुन्याच गावात जाऊन आधीचे काम दुरुस्त करणे हाच एका वर्षाचा कार्यक्रम ठेवला तर अहवाल बारीक होईल, पण काम टिकेल.

आणि तरीही माणसे टिकतात. त्याचा पुरावा रक्तदानात दिसतो. शिबिरात मुलांची नावे पुढे येतात, मुलीही उत्साहाने येतात, पण हिमोग्लोबिन 12.5च्या खाली असल्याने त्यातल्या कित्येकींना परत पाठवावे लागते. पहिल्यांदा निराशा, मग डॉक्टरांची गोळी, शेंगदाणा-गूळ, आणि पुढच्या वर्षी पुन्हा रांग. पदवी घेऊन ही मंडळी नागपूर-पुण्याला पांगतात, तरी शिबिराचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालू राहतो. जिल्हा रुग्णालयात कोणाच्या बाळंतपणात किंवा अपघातात रक्त लागले की निरोप तिथे पडतो. पुरुषाला 90 दिवसांनी आणि बाईला 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येते, म्हणून कोणी कधी दिले याची यादी लागते. ती ठेवणारा एखादा तरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, आणि तो बहुतेक वेळा शिबिरात तांदूळ-तेलाचा हिशेब सांभाळणाराच निघतो.